हसनमियांबरोबर पाठवलेली फाइल

जून २००० मध्ये रजा संपवून मी रत्नागिरी स्टेशनात मुंबईच्या गाडीची वाट बघत उभा होतो. बायकोनं, रुखसानानं, प्रवास सुखरूप व्हावा म्हणून दंडावर इमाम जामिन बांधला होता, बॅगेत सोडे आणि मसाला कोंबून दिला होता. मोठी लेक नजमा बारावीच्या निकालाच्या चिंतेत होती. गाडी दिसल्यावर ती जवळ येऊन म्हणाली, "अब्बा, तुमच्या हापिसात इंटरनेट हाय ना? मग फार्मसीच्या कालेजांचा तुमीच बगा." बारा वर्षं मस्कतला नोकरी करताना पोरींच्या शाळेचा उंबरा मी एकदाही ओलांडला नव्हता. म्हटलं, चला, एक तरी काम बापाच्या हातून होऊ दे. "सगळं पाठवतो," मी ऐटीत सांगितलं. "माझे कागद येईपर्यंत घाई करू नका."

तुम्ही गावात राहिलेले असा की माझ्यासारखे इकडे आलेले, हे वाक्य तुमच्याही ओळखीचं असेल.

मी स्टोअरकीपर. दुपारच्या सुट्टीत अकाउंट्सचा मल्याळी दोस्त त्याचा कॉम्प्युटर मला द्यायचा. एक पान उघडेपर्यंत चहा संपायचा. पुण्याच्या एका कॉलेजच्या वेबसाइटवर प्रिन्सिपॉलसाहेबांचा फोटो आधी कपाळ, मग चष्मा, मग मिशी असा हप्त्याहप्त्यानं खाली यायचा. हॉस्टेलचे नियम, स्कॉलरशिपची माहिती, कुठली सर्टिफिकिटं जोडायची त्याची यादी, सगळं मी छापून घेतलं. एका साइटवर तर आईबाप एकमेकांना प्रश्न विचारत. एकानं लिहिलं होतं, मुलगी घराबाहेर कधी राहिली नाही, तिला जमेल का? खाली सात-आठ जणांनी त्याला धीर दिला होता. आमच्या खोलीत आम्ही सहा बाप्ये राहायचो, पण बोलणं ओव्हरटाइमचं नाहीतर व्हिसाचं. पोरीच्या काळजीनं रडकुंडीला आलेला बाप मला पहिल्यांदा तिथं भेटला. मी स्वतः काही लिहिलं नाही, नुसता वाचत बसायचो. खरं सांगतो, ते पंधरा दिवस मला फार बरं वाटलं.

ऐंशी पानं झाली. ती निळ्या फाइलीत लावली आणि आमच्या मोहल्ल्यातले हसनमिया सुट्टीवर निघाले होते, त्यांच्या हाती दिली. आपल्याकडे घरी काही पाठवायचं म्हणजे जाणाऱ्या माणसाबरोबर. सोनं तसंच जायचं, ब्लँकेटं तशीच जायची, पूर्वी बोलून भरलेल्या कॅसेटीही तशाच जायच्या. जे पान मी बसल्या जागी मस्कतला आणलं, ते पुढे नेण्यासाठी मला माणूसच आठवला. फॉर्मची शेवटची तारीख तिसऱ्या पानावर होती, तिच्याखाली लाल पेनानं दोन रेघा मारल्या होत्या. शुक्रवारी फोन केला तेव्हा कार्डाची मिनिटं सलाम-दुआ आणि अम्माच्या गुडघ्यात संपली. "फाइल निघाली, त्यात सगळं लिहिलंय," एवढंच मी म्हणालो.

हसनमियांचा काही दोष नाही. दोन वर्षांनी आलेला माणूस, चिपळूणला मेव्हण्याच्या लग्नाला थांबला. फाइल त्यांनी जिवापाड जपली, एक कोपरासुद्धा दुमडला नव्हता. पण ती घरी पोचली तेव्हा तारीख उलटून चार दिवस झाले होते. वरातीमागून घोडं.

नजमाच्या वर्गाच्या बाईंनी दोनदा निरोप धाडला होता, फॉर्म आणा म्हणून. रुखसाना म्हणाली, "तिच्या अब्बांचे कागद येतायत." दोनदा तेच उत्तर. मी उंटावरून शेळ्या हाकत होतो आणि घरात माझा शब्द कुणी ओलांडत नव्हतं. याचा मला आजही राग येतो, तिचा नव्हे, माझा.

नजमानं रत्नागिरीतच बी. एस्सी. केलं. पुढच्या रजेत मी विषय काढला तर म्हणाली, "जाऊ द्या ना अब्बा. चाय टाकू?" ती आत गेल्यावर रुखसानानं सांगितलं, ती ऐंशीच्या ऐंशी पानं पोरीनं नंतर बसून वाचली होती. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

२००६ मध्ये धाकट्या सुलतानाची बारावी झाली. आता चूक करायची नाही म्हणून मी महिनाभर आधी साइट्स शोधल्या, तारखा वहीत उतरवल्या आणि रुखसानाला फोन लावला. "हे बघ, मी सगळं ई-मेलनं..." एवढं बोलतोय तोवर नजमानं फोन घेतला. "भरला फॉर्म, अब्बा. काल सायबर कॅफेत बसून मीच भरून दिला. तुमी काय पाठवू नका."

आवाजात राग नव्हता. दमलेल्या माणसाला बसा म्हणावं तसं म्हणाली. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

आपली वाट बघणारी माणसं जिथं असतात ते घर, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. माझ्या घरानं माझी वाट बघणं सोडलं, आणि म्हणून माझी धाकटी वेळेवर कॉलेजात गेली.