दंडातलं भोक

दंडाच्या हाडाला, मध्याच्या जरा खाली, आतल्या अंगाला एक बारीक भोक असतं. टाचणी जेमतेम शिरेल एवढं. हाड पोसणारी रक्तवाहिनी तिथून आत उतरते. मी मेडिकलच्या पोरांना शरीररचना शिकवतो. त्या भोकात तार घालून दाखवतो आणि दरडावून सांगतो, "इथं हाड मोडलं तर रक्त तुटतं. जुळायला वेळ लागतो. अजिबात हलवायचं नाही."

माझ्या आक्काचं हाड तिथंच मोडलं. श्रीगोंद्याकडं, उसाच्या ट्रॉलीवरून पडली ती. एक्स-रे मी स्वतः उजेडाला धरून पाहिला. दाजींनी तो माझ्या हातातून घेतला आणि हाडवैद्याचं ठरवून टाकलं. हा हाडवैद्य कामट्या बांधतो, आठवड्यानं सोडतो, तेल लावून चोळतो, पुन्हा बांधतो. म्हणजे जुळत आलेलं दर आठवड्याला मोडतो.

"दाजी, तिथून हाडाला रक्त..." एवढंच मी बोललो.

"पाव्हणं, तुमी मेलेल्यांची हाडं मोजा. जित्या हाडाचं आमी बघतो."

ओसरी हसली. मीही हसलो. जावयाला उलटं बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. आग लागो त्या रीतीला! आक्का हसली नव्हती. हात पोटाशी धरून ती माझ्याकडं बघत होती, मी आणखी काही बोलेन म्हणून.

हाड जुळलं नाही. उजव्या दंडाच्या मधोमध दुसरा कोपर फुटल्यासारखा हात लोंबतो. दाजी म्हणतात, नशीब. नशीब कसलं? हे ऐकलं की माझं डोकं फिरतं, आणि तरी मी चहा पिऊन परत येतो.

यंदा भाऊबीजेला तिनं डाव्या हातानं ओवाळलं. ताट कललं, निरांजन विझलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "आक्का, मला तेव्हाच माहीत होतं. ऑपरेशन केलं तर अजूनही जुळेल. चल."

"तवा तोंड शिवलं हुतं व्हय रं तुझं?" तिनं ताट आदळलं. "माझ्या कानात नगं सांगू. भाईर जा. त्येंला सांग, सगळ्यांम्होरं. मग येते मी."

ओसरीवर मंडळी बसलेली होती. दाजी म्हणाले, "या, मेलेल्यांचं डाक्तर!"

कुणी हसायच्या आत मी म्हणालो, "दाजी, तिचं हाड ट्रॉलीनं मोडलं. जुळू दिलं नाही ते तुम्ही. आणि मी."