आबांची रायफल दुरुस्त करायची का

माझा धाकटा भाऊ रायफल हातात घेतो तेव्हा रायफलीकडे बघत नाही. समोर फोटो काढणारं कोणी आहे का, ते बघतो. आबांची पॉइंट टू-टू त्याला एवढ्यासाठीच हवी आहे असं मी धरून चालले होते, आणि तेवढ्यावरूनही त्याच्याशी भांडायची माझी तयारी होती.

आबा म्हणजे आमचे वडील. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला आमची शेती. मक्यात रानडुकरं शिरायची म्हणून त्यांनी फार पूर्वी परवाना काढून ही जुनी विलायती रायफल घेतली होती. मारलं कधीच काही नाही. हवेत बार काढायचे, डुकरं पळायची. ती उघडून पुसायची कशी हे त्यांनी मला शिकवलं, कारण भावाला अशा कामाचा कंटाळा. पुढे मी नोकरीसाठी जळगावला आले, तिथेच मेहरूणला घर केलं, तरी गावी गेले की आबा चहाच्या आधी रायफल माझ्या पुढ्यात ठेवायचे. त्या घरातली मला हवीशी वाटणारी तेवढी एकच वस्तू होती. शेत नको, घर नको, ती हवी होती. हे मी कोणाला सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मुलीच्या हातात बंदूक कोण देतो!

आबा गेले आणि रायफल धुळ्याच्या एका बंदुकीच्या दुकानात जमा झाली. परवाना भावाच्या नावावर व्हायचा तर माझी संमती हवी. आई आधीच गेलेली, वारस आम्ही दोघंच. एरवी वर्षभर ज्याचा फोन येत नाही, तो रोज फोन करू लागला. "अक्का, तू फक्त सही कर." मी म्हटलं, आधी रायफल बघू. दुरुस्त होण्याजोगी असली तर बोलू, नाहीतर सरकारजमा करू. मग आम्ही दोघं एकदा धुळ्याला गेलो.

दुकानदार तिरसट म्हातारा होता. आम्हाला बसाही म्हणाला नाही. रायफल टेबलावर ठेवली. नळीवर गंजाचे फोड, दस्त्याच्या खाचांत वाळलेलं कुंकू, काडतूस आत सरकवायच्या बोल्टच्या बेचक्यात काहीतरी चिकट पिवळं.

"दह्यादुधाने आंघोळ घालता काय हिला?" दुकानदार खेकसला.

"दसऱ्याला पूजा करतो," भाऊ छाती काढून म्हणाला. "पंचामृताचा अभिषेक असतो."

असतो कसला! आबा हळदीकुंकवाचं एक बोट लावायचे आणि लगेच पुसून घ्यायचे. अभिषेक याने सुरू केला, आबा अंथरुणाला खिळल्यावर. आमच्या घरची खरी रीत वेगळी होती. दसऱ्याला पूजा झाली की शस्त्र जागं करायचं, म्हणजे एकदा चाप ओढून टक आवाज काढायचा. पण आबा आधी एक उडालेलं, रिकामं काडतूस आत घालायचे. या रायफलीची पिन काडतुसाच्या मधोमध नाही, बुडाच्या कडेवर आपटते. आत काही नसेल तर ती सरळ नळीच्या मागच्या कडेवर आपटते, लोखंडावर लोखंड. भावाने ते रिकामं काडतूस काढून टाकलं. एकदाच्या टकवरही त्याचं भागेना. गल्लीतल्या बठ्ठ्यांना, झाडून सगळ्यांना बोलवायचं, रायफल हातोहात फिरवायची, प्रत्येकाने टक करायचं, प्रत्येकाचा व्हिडिओ. मी एका दसऱ्याला ओरडले तर म्हणतो कसा, "अक्का, देवनं काम शे, मधमा बोलू नको."

दुकानदाराने बोल्ट काढला, पिन दाखवली. टोक बोथट झालेलं. नळीच्या कडेला खड्डा पडलेला.

"पिन नवी घडवावी लागेल. खड्डा दाबून सरळ करता येतो. नळी आतून शाबूत आहे, गोळी फिरवणारे पीळ चांगले आहेत." तो पहिल्यांदाच जरा माणसासारखा बोलला. "अशी रायफल आता मिळत नाही. करून घ्या."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, क्षणभर सहीसुद्धा करून टाकावी वाटलं.

"वडिलांशिवाय आणखी कोणी वापरली?" दुकानदाराने विचारलं.

"कोणीच नाही," भाऊ म्हणाला. "आबा पडले तेव्हापासून पूजेशिवाय हात नाही लावला."

"मग हे काय?" रायफलीसोबत जमा झालेल्या काडतुसांतलं एक म्हाताऱ्याने वेगळं काढलं. बुडाच्या कडेवर फिकटसा घाव होता. "हे भरून चाप ओढलाय. पिन बोथट म्हणून उडालं नाही."

मी भावाकडे बघितलं. तो रस्त्याकडे बघत होता.

मागच्या कापूस वेचणीच्या वेळची गोष्ट. मी आबांची औषधं द्यायला गावी आले होते, तिथून शेतात गेले. डोंगरातून वेचणीला आलेली एक बाई वजनकाट्यापाशी भावाशी वाद घालत होती, काटा नीट लाव म्हणत होती. हा तरातरा खोपीत गेला, रायफल घेऊन आला, नळी तिच्या छातीला लावली आणि चाप ओढला. टक. मग हसला. "रिकामी शे, मस्करी करस मी." मी त्याला चारचौघांत शिव्या घातल्या. पण रिकामी होती यावर माझा विश्वास बसला होता. ती बाई आपलं गाठोडं उचलून त्याच दिवशी निघून गेली.

"ती भरलेली होती," मी म्हटलं.

त्याने दुकानदाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज खाली आणून म्हणाला, "बार उडना तं नही ना, अक्का!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस माझ्या आईच्या पोटचा आहे याची मला लाज वाटली, तिथे, परक्या दुकानात. त्याच्या गाढवपणाने रायफल बिघडली आणि तेवढ्यानेच एक बाई जिवंत राहिली. आणि मी काय करायला आले होते? ती नीट करायला.

"दुरुस्त करायची नाही," मी दुकानदाराला म्हटलं. "सरकारजमा करायची. माझी संमती नाही."

"अहो ताई, वस्तू चांगली आहे," तो म्हणाला. "तिथे नेऊन तोडून टाकतात."

"माहीत आहे."

भाऊ दुकानाबाहेर जाऊन मोठमोठ्याने बोलू लागला. अक्काला जळजळ आहे, आबांनी तिला दिली नाही म्हणून. येणारेजाणारे थांबून ऐकत होते. मी बाहेर गेले नाही. टेबलावरची रायफल उचलली, पदराने दस्त्यातलं कुंकू निघतं का बघितलं. थोडं निघालं, थोडं राहिलं. मग ती म्हाताऱ्याच्या हातात दिली.

भाऊ त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. त्याचं मला काडीचं दुःख नाही. रायफलीचं आहे.