गोड हाक

तो सिनेमा आमच्या ह्यांनी आणला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे कित्येक वर्षं हे "आपण आणला होता" असंच म्हणत आले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अमेरिकेत आम्ही राहायचो त्या पिस्कॅटवेत घरोघरी नुकते व्हीसीआर आले होते आणि दर शनिवारी कुणा ना कुणा मराठी घरी आमची जेवणं व्हायची. मोठ्यांनी वर गप्पा ठोकायच्या आणि मुलांना बेसमेंटमध्ये कॅसेट लावून द्यायची, अशी पद्धतच पडली होती. त्या शनिवारी जेवण एका काका-काकूंकडे होतं आणि कॅसेटची पाळी आमची. इंडियन ग्रोसरीवाल्याने ह्यांच्या हातात एक जपानी कार्टून ठेवलं, इंग्रजीत डब केलेलं. वर सांगितलं, की तिकडच्या एका गाजलेल्या कादंबरीवरून केलंय. झालं! कार्टून म्हणजे मुलांचं आणि कादंबरीवरचं म्हणजे संस्कार करणारं. "त्या उंदीरमांजरांच्या मारामाऱ्यांपेक्षा बरं," हे म्हणाले आणि मीही मान डोलावली. आधी आपण बघून घ्यावं, हे आम्हा दोन उच्चशिक्षितांपैकी एकालाही सुचलं नाही.

संध्याकाळी पाचलाच बाहेर मिट्ट काळोख होता. मी मुलांना चकल्या द्यायला खाली गेले. चौघं एका रजईत दडून बसली होती. आमची सात वर्षांची सगळ्यांत मोठी, म्हणून पुढारी. पडद्यावर बर्फातलं एक झोपडं होतं. आत एक मुलगी, आणि बाहेरून तिची आई तिला हाका मारत होती, इतक्या मायेने, की मीच बघत उभी राहिले. मग चित्र दाराबाहेर गेलं. तिथे आई नव्हतीच. जे होतं त्याला नुसतं तोंड होतं, तोंडाच्या वर ना नाक, ना डोळे. आणि मुलीने दार उघडलं.

"बंद कर ते आधी!" मी म्हणाले.

"इट्स जस्ट अ कार्टून, आई," आमची मुलगी मान न वळवता म्हणाली. आम्हीही तेच म्हणालो होतो. तेवढ्यात घरच्या काकूंनी पानं वाढल्याची हाक मारली आणि मी वर गेले.

जेवणात माझं लक्ष लागेना. मग काकांनी घास हातात तसाच धरून विचारलं, "गॅसचा वास येतोय का गं?" येत होता. घर गरम ठेवणारा फर्नेस खाली होता, मुलांच्या खोलीला लागून. काका धावले, तर बेसमेंटचं दार बंद. तिथे अधूनमधून विद्यापीठातला एखादा विद्यार्थी भाड्याने राहायचा, म्हणून आतून कडी बसवलेली होती.

काकांनी दार ठोठावलं, आम्ही सगळ्यांनी हाका मारल्या. आत कुणीतरी रडत होतं. मग दाराच्या अगदी जवळून माझ्या मुलीचा आवाज आला, "डोन्ट ओपन इट. दॅट्स हाऊ इट गेट्स इन."

काकू कानाशी म्हणाल्या, "तिला घाबरवू नकोस हं. गोड बोल." मी आवाज मऊ केला. "सोन्या, मी आहे गं, आई. दार उघड, राजा." आतलं रडणंसुद्धा थांबलं. पावलं मागे सरकली. "माझं शहाणं बाळ ते," मी आणखी मऊ झाले. कडी हलेना. वास आता घशाला लागत होता. हे खिडकी फोडायला नुसत्या मोज्यांवर बर्फात धावले. माझं लेकरू ह्या दारामागे मरणार, असं मला लख्ख दिसलं.

आणि माझं डोकंच सटकलं. "कार्टे! कडी काढतेस की तंगडं मोडू तुझं? एक सणसणीत ठेवून देईन, आगाऊ कुठली!" सगळ्या मंडळींसमोर मी किंचाळले.

खटकन कडी निघाली.

चौघांना ओढत आम्ही बाहेर अंगणात नेलं. गॅसचा माणूस आला, फर्नेसचा पायलट, म्हणजे आतली कायम जळती ज्योत, विझलाय आणि गॅस तसाच सुटतोय म्हणाला. अजून थोडा वेळ गेला असता तर काय, ते मुलांकडे बघून त्याने सांगायचं टाळलं.

घरी जाताना मुलगी गाडीत मला चिकटून बसली होती. "अगं, मी इतका वेळ हाका मारत होते," मी विचारलं, "माझा आवाजसुद्धा ओळखला नाहीस?"

"इट वॉज युअर व्हॉइस," ती म्हणाली. "बट यू वेअर टॉकिंग सो गोड. सो आय न्यू इट वॉजन्ट यू."