गंधकवाल्यांचा सोनेरी रंग

जरदाळूंना गंधकाची धुरी देतात म्हणून सारा गाव त्यांना गंधकवाले म्हणे, आणि ते स्वतःला मोठे कलावंत समजत. काम काय, तर फोडलेल्या जरदाळूंचे ट्रे बंद खोलीत रचायचे, लोखंडी घमेल्यात गंधक पेटवायचं आणि दार लावून बाहेर बसायचं. जळत्या गंधकाचा वायू फळाला काळं पडू देत नाही, बुरशीही धरू देत नाही. गिऱ्हाइकाला फक्त तो सोनेरी रंग दिसतो, मग काय, झुंबड! दार उघडलं की तो वायू डोळ्यांत-घशात असा घुसे की नवा माणूस खोकून बेजार होई. कारखान्याच्या मालकाने तोंडाला बांधायला ओलं फडकं दिलं होतं. केवढं ते औदार्य! आणि हे शहाणे तेही बांधत नसत.

त्यांची बायको गच्चीवर नुसत्या उन्हात जरदाळू वाळवी. ते तपकिरी होत, आक्रसत. गंधकवाले नाक मुरडत. "हे काय, जुन्या चपलेचे तुकडे?" तीस वर्षांत एकही तोंडात घातला नाही.

मग दमा जडला. डॉक्टरांनी बजावलं, "त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. आणि ती धुरी दिलेलं काही खायचंही नाही. तेवढ्यानेही तुमचा श्वास कोंडेल."

काम सुटलं. मालकाने निरोपाला भेट काय द्यावी? त्यांच्याच शेवटच्या खेपेतले जरदाळू, खोकंभर! लाजसुद्धा वाटली नाही मेल्याला.

गंधकवाल्यांनी मात्र शेजाऱ्यांना बोलावून खोकं उघडलं. "बघा रंग!"

"अहो, बघा हवं तेवढं. खाऊ नका," बायको म्हणाली.

"माझ्या हातचा माल मलाच बाधेल?" असं म्हणून त्यांनी चार तोंडात कोंबले.

थोड्याच वेळात छातीतून शिट्टी वाजू लागली. ओठ निळसर पडले. शेजारी खोकं धरून नुसते उभे. बायकोने दम्याचा पंप त्यांच्या तोंडात धरला, पाठ चोळली. मनात संताप मावत नव्हता. पण हा मूर्ख माणूस तिला हवा होता.

संध्याकाळी श्वास जागेवर आला. भूक लागली, म्हणाले. तिने तपकिरी जरदाळूंची वाटी पुढे सरकवली. त्यांनी खोक्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, डोळे घट्ट मिटले आणि एक तोंडात टाकला. बराच वेळ चघळत राहिले.

"गोड आहे गं."

"आता डोळे उघडून खा," ती म्हणाली.