तांदळाच्या पिठानं बंद केलेली कुल्फी

मुलानं घरात फ्रिज आणला त्याला सहा उन्हाळे झाले. आणला त्याच दिवशी मी सांगून टाकलं होतं, या पेटीतलं पाणी मी पिणार नाही. काहून पिणार नाही, ते आता मलाही नीट आठवत नाही. पण बोललो होतो, हे सगळ्या मोहल्ल्याला आठवते. चौथीच्या पुढं शाळा पाहिली नाही मी. अशा माणसाजवळ आपल्या शब्दाशिवाय दुसरं असते काय?

यंदा मे महिन्यात जबलपूरहून नातवंडं आली. नात दहा वर्षांची, नातू सहाचा. आल्या-आल्या नातीनं मोबाइलमध्ये पाहून फ्रिजात कुल्फी जमवायचं ठरवलं. मी गप्प बसायला पाहिजे होतं. बसलो नाही.

"कुल्फी माठात जमते," मी म्हटलं. "लांजीच्या बाजारात कुल्फीवाल्याजवळ चार उन्हाळे काम केलं मी."

"माठात? बिना लाइट के?"

"हौ."

"तो लगाओ शर्त, आबाजी. चार वाजेपर्यंत खाण्यासारखी कुल्फी नाही झाली, तर फ्रिजचं पाणी प्यायचं. आजीसमोर."

तिची आजी तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली. "लावा लावा. मलेही पाह्यचं आहे."

लावली.

दूध आटवायचं काम नातीला दिलं. ती ढवळत होती, नातू साखर मोजत होता. म्हणजे एक मूठ पातेल्यात, एक तोंडात. परसवाड्याच्या बाजारातून आणलेली चारोळी मी वरून टाकली. इथपर्यंत सगळं झकास होतं. बायकोसुद्धा वास घ्यायला दोनदा चुलीजवळ येऊन गेली, आणि वास घ्यायला आलीच नव्हती असं दाखवून गेली.

मग मी पिण्याच्या पाण्याचा माठ रिकामा केला.

"आन् दिवसभर पाणी काय प्यायचं?" बायको म्हणाली.

"एक दिवस नाही प्यायलं तर कोणी मरत नाही."

बर्फ फ्रिजातही होता, पण तो घेतला तर शर्त कशाची? मच्छीवाल्याकडून लादी आणली. त्याचा बर्फ फार कडक असतो. धानाच्या कोंड्यात घालून पोत्यात गुंडाळून आणली, धुतली, फोडली, खडं मीठ मिसळून माठात भरली. झाकणाच्या बारक्या स्टीलच्या डब्यांत दूध ओतलं. आता राहिलं एकच काम: झाकणाची फट भिजवलेल्या पिठानं बंद करायची, म्हणजे खारं पाणी आत जात नाही.

इथं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. लांजीला माझं काम माठ हलवायचं होतं. झाकणं मालक स्वतः बंद करी, तेही आमच्याकडं पाठ करून, कारण त्याला वाटे, पोरं धंदा शिकून घेतील. त्याच्या बोटाला पांढरं पीठ लागलेलं असे, एवढंच मी पाहिलेलं. आमच्या मुलखात पांढरं पीठ म्हणजे तांदळाचं. दुसरं कशाचं असणार?

"गव्हाची कणिक घ्या जी. नाहीतर मैदा," बायको म्हणाली. "तांदळाचं कडक झालं की तडकते."

"तू होतीस का लांजीले?"

ती नव्हती. विषय संपला.

सहा तास आम्ही आळीपाळीनं माठ हलवला. नातवाला हेच काम सगळ्यात आवडलं. त्यानं माठावर तबला पण वाजवला. ठीक चारला मी पहिली डबी काढली. पीठ कडक होऊन भेगाळलं होतं, जसं मे महिन्यात धानाचं शेत. झाकण उघडलं. आत जमलेलं होतं. माझी छाती फुगली.

नातवानं पहिला चमचा घेतला. मग चमच्याचा वास घेतला.

"आबाजी, इसमें मछली है क्या?"

नातीनं चमच्याचं टोक जिभेला लावलं आणि हळूच खाली ठेवलं. "जमी तो है," ती म्हणाली. शहरात वाढली तरी पोरगी मोठ्यांचा मान ठेवते. "पर खाण्यासारखी… आप खाके बताओ."

बायकोनं तांदूळ निवडायचं सूप बाजूला ठेवलं आणि हातावर हात ठेवून बसली.

मी खाल्ली. पूर्ण डबी. खारटपणाचं सांगत नाही, पण लादी किती दिवस कोणत्या मासोळीजवळ होती, तेही मला कळलं. "अशीच असते माठाची कुल्फी," मी म्हटलं. "तुम्हाला सवय नाही." आणि सवय दाखवायला दुसरी डबी घेतली.

दुसरी संपली आणि तहान लागली. अशी तहान, की जीभ टाळूला चिकटली. नळाचं पाणी टाकीतून येते. मे महिन्यात दुपारी त्यात चहा होईल. माठ समोर होता, खाऱ्या पाण्यानं भरलेला.

नात उठली. तिकडं फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज झाला. तिनं गिलास आणून माझ्या हाताजवळ ठेवला आणि मुद्दाम खिडकीबाहेर पाहायला लागली. तिची आजी मात्र कुठं बाहेर पाहत नव्हती.

मी प्यायलो. मग अजून एक मागितला.

"कैसा है, आबाजी?"

"पाण्यासारखं आहे," मी म्हटलं.

पोरं गेली जबलपूरला. माठाचा वास जात नाही. राखेनं घासला, उन्हात ठेवला, तरी मासोळीचाच. बायको रोज विचारते, नवा माठ कधी आणता? आणीन. उन्हाळा सरू दे एकदा, मग आरामशीर पाहून आणीन.