अर्थ पाठ आहे, वापर सांग

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. वाघमारेसरांनी नोकरी सोडली ती माझ्या एका इंग्रजी वाक्यामुळे, आणि ते वाक्य खोटं होतं.

सर आमच्या सरकारी कारखान्यात ड्रॉइंग विभागात होते. मूळचे परभणीचे, राहायला नल्लकुंट्यात. कुकटपल्लीकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ते माझ्यासाठी शेजारची जागा धरत आणि वाटेत इंग्रजीतला एखादा वाक्प्रचार विचारत. मी घाईघाईने अर्थ सांगून टाकला की म्हणत, "अर्थ तर गाईडात पण असतो, मियाँ. वापर सांग. कोण म्हणू शकतो, कुणाला म्हणू शकतो?" 'इन द सेम बोट'ची पाळी आली तेव्हा त्यांनीच सांगितलं, हे बोटीत बसलेल्यानं म्हणायचं, काठावरच्यानं म्हटलं तर ती शिवी होते. आजूबाजूचे सगळे हसले होते.

मग उदारीकरण आलं आणि त्यामागोमाग स्वेच्छानिवृत्तीची योजना. मी कार्मिक विभागात. साहेबांनी बोलावून सांगितलं, ड्रॉइंगची माणसं कमी कर, तुझी खुर्ची राहील. सर सही करायला तयार नव्हते. मुलगी अजून शिकत होती. कँटीनमध्ये त्यांनी मला विचारलं, तू काय करतोयस?

"सर, वी आर इन द सेम बोट," मी म्हणालो. "तुमचा विभाग बंदच होणार आहे, आमच्याकडचीही माणसं कमी होणार. मीही सही करतोय."

त्या दिवशी त्यांनी वापर विचारला नाही. दुपारी सही केली.

विभाग बंद झाला नाही. ज्यांनी सही केली नव्हती ते तिथेच राहिले, मीही राहिलो. पुढे एकदा बरकतपुऱ्यात भाजी घेताना सर समोर आले. त्यांना सगळं कळलं होतं. पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाले, "अर्थ बरोबर होता तुझा." आणि चालू लागले.

शिकवण्या घ्यायचं म्हणत होते, त्या जमल्या नाहीत. मुलीचं कॉलेज सुटलं. दोनेक वर्षांत सर गेले. मी भेटायला गेलो तेव्हा बुद्धाच्या तसबिरीखाली त्यांचा फोटो ठेवलेला होता. वहिनींनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तुमची पण नोकरी त्यांच्यासंगंच गेली ना, भाऊ? दोघं मिळूनच निघालो, असं सांगायचे."

मी पाणी प्यायलो आणि हो म्हणालो.

वहिनी अजून नल्लकुंट्यात त्याच घरात राहतात. त्या दारात जाऊन 'नाही' म्हणणं मी अजून देणं लागतो.