कोरडा खड्डा

आपल्या सुनेत लोकांना एवढं दिसतं तरी काय, हे सासूबाईंना काही केल्या कळत नव्हतं. आणि न कळलेली गोष्ट त्यांना स्वस्थ बसू देत नसे, हा त्यांचा जन्माचा स्वभाव.

तशी सून वाईट होती असं नाही हो. पण भाजीत मीठ घालायला विसरणार, पाहुण्यांशी चार शब्द गोड बोल म्हटलं की कपाळाला आठ्या घालणार. रूप म्हणाल तर बेताचंच. आणि तरी तिच्याबरोबर बाजारात गेलं की औषधवाला खुर्चीतून उठायचा, शाळेचे हेडमास्तर बाजूला होऊन वाट द्यायचे, "काय पाणीवाल्या बाई, बऱ्या आहात ना?" म्हणून विचारायचे. सासूबाई त्याच बाजारात चाळीस वर्षं जात होत्या. त्यांची पिशवीसुद्धा कधी कुणी उचलली नव्हती.

सून पाणीखात्यात होती. जमिनीखाली कुठे नळ फुटलाय ते शोधणं हे तिचं काम. छातीला लागेल एवढी लांब लोखंडी कांब घ्यायची, तिचं एक टोक नळावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. बारा वर्षांपूर्वी तिनं ही नोकरी धरली तेव्हा सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं होतं. बाईमाणसानं भर रस्त्यात वाकून नळाला कान लावायचा, हे काय काम झालं? मुलगा नेहमीप्रमाणे पेपर वाचत बसला, आणि सून कामावर गेली.

आता तिच्या पथकाचा प्रमुख निवृत्त झाला होता आणि त्या जागेसाठी तिचं नाव साहेबांच्या टेबलावर होतं. त्या जागेवर आजवर बाई आली नव्हती. शेजारची इस्त्रीवाली म्हणाली, नाव असेल हो टेबलावर, पण बाईला कशाला देतायत! यावर सासूबाईंना असा राग आला की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. इतकी वर्षं त्या स्वतः याहून वेगळं काय म्हणत होत्या? पण राग आला तो आला. जाऊन एकदा डोळ्यांनी बघायचंच, असं त्यांनी ठरवलं. सकाळी घरात गोळ्या आणायला जाते म्हणून सांगितलं आणि सुनेच्या मागोमाग निघाल्या.

काम चाललं होतं शाळेमागच्या गल्लीत. सासूबाई समोरच्या चप्पल दुरुस्तीवाल्याच्या बाकड्यावर जाऊन बसल्या आणि चांगल्या धडधाकट चपलेचा अंगठा शिवायला दिला. दुरुस्तीवाला बोलका निघाला. गल्लीला तीन दिवस पाणी नाही, त्याने सांगितलं, आणि रस्ता तर गेल्याच महिन्यात नवा केलेला. तेव्हा साहेबांनी बजावलंय, एकच खड्डा. बाईंनी दाखवली त्या जागी पाणी लागलं तर प्रमुखपद बाईंना, नाहीतर दुसऱ्या भागातला माणूस आणणार. बाईंनी ते सगळ्यांसमोर कबूल केलंय.

सासूबाई बाकड्याच्या कडेला सरकल्या.

सुनेनं गल्लीत तीन फेऱ्या मारल्या. दर दहा पावलांवर कांब टेकवायची, ऐकायची, मान हलवायची. लाँड्रीच्या पायरीपाशी मात्र ती बराच वेळ थांबली. मग खडूने गोल काढला. पथकातल्या म्हाताऱ्या खोदकामगाराने पहार उचलली, बाकीचे तिघे फावडी घेऊन आले. तासाभरात खड्डा कमरेएवढा झाला. तळाशी नळ दिसला, पण भोवतीची माती अशी कोरडी की हातात धरली तर भुरभुरून जाईल.

सासूबाई बाकड्यावरून अर्ध्या उठल्या. आता ही काय बोलणार? दगडावर खापर फोडेल, नकाशावर फोडेल, निदान नशिबावर तरी फोडेलच. त्यांनी स्वतः आयुष्यभर तेच तर केलं होतं.

सून म्हणाली, "चूक माझी. लाँड्रीतली मशीन चालू होती. तिचं सांडपाणी पायरीखालून जातंय, तोच आवाज मी धरला. आधी मशीन बंद करायला सांगायचं, ते विसरले."

साहेब सकाळपासून तिथेच जीपला टेकून उभा होता. तसा भला माणूस. तो तिला बाजूला घेऊन गेला, ती बाजू नेमकी सासूबाईंच्या बाकड्याची. नकाशा जुना होता असं अहवालात लिहितो, तो हळूच म्हणाला, तुमचं नाव खराब नको. सासूबाईंनी मनातल्या मनात त्या माणसाला शंभर आशीर्वाद दिले. हो म्हण गं बाई, हो म्हण!

"नकाशा बरोबर आहे, साहेब," सून म्हणाली. "माझ्या चुकीने खणला असंच लिहा. आणि दुसरा खड्डा मागते. मला प्रमुख नका करू, पण लोकांना पाणी हवंय."

डोकं ठिकाणावर आहे का हिचं? सासूबाईंना वाटलं, उठावं आणि हिच्या तोंडावर हात ठेवावा. साहेबही वैतागला. एकच खड्डा ठरलं होतं, तो म्हणाला, रस्त्याची चाळण करायची का?

तेव्हा म्हातारा खोदकामगार खड्ड्यातून वर आला. हा सगळ्यांत जुना माणूस, आणि सून कामावर आली तेव्हा बाईच्या हाताखाली काम करणार नाही म्हणून आठ दिवस घरी बसलेला. तो म्हणाला, "साहेब, मी सहा प्रमुख पाहिले. खड्डा कोरडा निघाला की तो आमचा असायचा. तुम्हीच वाकडं खणलंत म्हणून ऐकून घ्यायचं आणि खाली मान घालून बुजवायचा. बारा वर्षांत या बाईंनी एकही कोरडा खड्डा आमच्या नावावर लावला नाही. त्या सांगतील तिथे मी खणणार. तुम्ही नको म्हणालात तरी."

साहेबाने लाँड्रीवाल्याला मशीन बंद करायला सांगितलं.

सून खड्ड्यात उतरली, उघड्या नळावर कांब टेकवून बसली. दुरुस्तीवाल्याने हातोडी खाली ठेवली. सासूबाईंनीसुद्धा श्वास धरून ठेवला, जसं काही त्यांच्याच श्वासाने घोटाळा होणार होता. शाळेच्या फाटकाकडे सहा पावलं, सून वर येऊन म्हणाली. तिथे गुडघाभर खणलं तोच माती काळी पडली, आणखी वीतभर गेले तर पाणी थेट म्हाताऱ्याच्या अंगावर उडालं. तो पाण्याबरोबर हसायलाच लागला. गल्लीतल्या बायका बादल्या घेऊनच बाहेर आल्या. आधी नळ जोडू द्या, मग घरात येईल, असं सून त्यांना ओरडून सांगत होती, पण ऐकतंय कोण!

साहेबाने जीपच्या टपावर कागद ठेवून अहवाल लिहिला. पहिला खड्डा तुमच्या नावावर लिहिलाय, तो सुनेला म्हणाला, आणि उद्यापासून पथकही. सून फक्त बरं म्हणाली आणि नळ जोडायला वळली. तिच्या जागी सासूबाई असत्या तर त्यांनी निदान कमरेवर हात तरी ठेवले असते.

सासूबाईंचे डोळे भरून आले होते. चप्पल पायात घालून त्या तशाच घराकडे निघाल्या. सुनेने आपल्याला पाहिलं की नाही, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिनंही कधी सांगितलं नाही.

दारातच इस्त्रीवालीने गाठलं. गेला होतात म्हणे सूनबाईंचं काम बघायला? मग, असं काय बघितलंत त्यांचं?

"चुकताना बघितलं तिला," सासूबाई म्हणाल्या. आणि ताठ मानेनं घरात गेल्या.